गव्हाणीतला सोनेरी भुसा

ज्या दिवशी मी कासारवाडी सोडली, त्या दिवशी सकाळी दहा वाजता आमच्या चर्चची घंटा वाजली आणि निम्मी वस्ती घराबाहेर आली. दहा ही काही घंटेची वेळ नव्हे. सकाळी सहाला प्रार्थनेची, रविवारी मिस्साची, म्हणजे उपासनेची, आणि कुणी वारलं तर थांबून थांबून एकेक ठोका, एवढंच सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे बायका हातातलं काम टाकून पळत आल्या, "कोण गेलं? कोण गेलं?" विचारत. कोणीच गेलं नव्हतं. मी चालले होते. चर्चच्या मैदानात मुंबईला जायची टॅक्सी उभी होती, टपावर माझी सुटकेस सुतळीने बांधलेली होती, फादर रेमंड तिच्यावर आशीर्वादाचं पाणी शिंपडून बाजूला झाले होते. आणि माझे आबा, ज्यांनी मला कधी जवळ घेतल्याचं मला आठवत नाही, ते कडुनिंबाखाली उभं राहून हातोडीने ठोक्यावर ठोके देत होते.

घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर लांबीचा तुकडा. तारेने फांदीला टांगलेला. रेल्वेतल्या एका भल्या मुकादमाने तो रीतसर चिठ्ठी करून दिला होता, कारण चिठ्ठी नसती तर आबांनी तो हातातही धरला नसता. हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी नर्स होऊन मस्कतला निघाले होते. टॅक्सीत बसण्याआधी मला आबांना एक वाक्य सांगायचं होतं. अकरा वर्षं ते मी तोंडात धरून होते, आणि त्या दिवशी सांगायचंच असं ठरवून आले होते. पण ते हातोडी खाली ठेवीनात. मी जवळ गेले तरी ठोके चालूच. एवढ्या आवाजात काय सांगणार? टॅक्सीवाला हॉर्न वाजवू लागला, आईने डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, आणि ते वाक्य माझ्याबरोबर मस्कतला गेलं.

आज हे लिहायला बसले त्याला कारण झालं. तुम्ही आपल्या चर्चच्या धर्मग्रामाची स्मरणिका काढताय, आणि जुन्या माणसांच्या आठवणी पाठवा म्हणून फोनवरच्या ग्रुपमध्ये निरोप आला. कासारवाडीत राहिलेल्यांनी लिहिलं, दुबईला, टोरांटोला, पर्थला गेलेल्यांनीही लिहिलं. मग कुणीतरी विचारलं, "ते घंटा वाजवणारे कोण होते? पितळ्या अंकल?" त्याखाली हसरे चेहरे आले, आठ-दहा. ज्यांनी पाठवले त्यांचा दोष नाही. त्यांनी ते नाव आईबापांकडून ऐकलं, आईबापांनी नळावर ऐकलं. पण मी तो फोन उशीखाली ठेवला आणि दोन दिवस हात लावला नाही.

आबांचं नाव लूकस भालेराव. आम्ही संगमनेरच्या बाजूचे. मिशनच्या वर्कशॉपमध्ये आबा लेथ शिकले, आणि पानशेतच्या पुराच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे बासष्टात, मला खांद्यावर आणि ट्रंक डोक्यावर घेऊन कासारवाडीत आले. मी दोन वर्षांची होते. पिंपरीच्या एका कंपनीत ते टर्नर म्हणून लागले. टर्नर म्हणजे लेथवर लोखंड, पितळ कातून हवा तो भाग घडवणारा कारागीर. आबांच्या हाताची फार तारीफ व्हायची. साहेब नव्या मुलांना आबांच्या लेथपाशी आणून उभे करायचे, असं आई अभिमानाने सांगायची आणि आबा "बास कर" म्हणायचे.

तेव्हा चर्च कुठलं? शाळेची पत्र्याची शेड होती. आठवडाभर तिथे पाढे आणि रविवारी मिस्सा. फळा पुसायचा आणि त्यावर क्रूस टांगायचा. एका रविवारी पुसायचं राहिलं, तर फादर रेमंड क्षमेवर प्रवचन देतायत आणि त्यांच्या डोक्यामागे 'गृहपाठ न करणाऱ्यांची नावे' अशी ठळक यादी. तिच्यात तिसरं नाव माझं होतं. आईने प्रवचन काही ऐकलं नाही, यादी मात्र पाठ केली.

माणसं कुठकुठली जमली होती! आम्ही नगरकडचे, थोडे वसईचे, गोव्याचे, मंगळूरचे, खडकीहून सरकत आलेले तमिळ. मिस्सा लॅटिनमध्ये होती तोवर भांडण नव्हतं, कारण कुणालाच काही कळत नव्हतं. पुढे ज्याच्या त्याच्या भाषेत मिस्सा करायची मोकळीक आली आणि मग कुठली भाषा यावरून दोन महिने नुसती रणधुमाळी. शेवटी पहाटेची मिस्सा मराठीत, तबल्यासकट, आणि आठची इंग्रजीत असं ठरलं. आमच्या शेजारच्या ब्रिजेट आंटी गोव्याच्या. त्या दोन्ही मिस्सांना यायच्या आणि दोन्हींना नावं ठेवायच्या. नाताळात आईच्या करंज्यांना त्या नेवऱ्या म्हणायच्या, आई त्यांच्या नेवऱ्यांना करंज्या म्हणायची, आणि दोघी एकमेकींची ताटं चाटूनपुसून परत करायच्या. पलीकडचं बौद्ध कुटुंब म्हणायचं, नाव काहीही ठेवा, ताट तेवढं वेळेवर पाठवा.

कंपनीला सुट्टी गुरुवारी. म्हणजे देवाचा रविवार आणि आमचा गुरुवार. रविवारी पहिल्या शिफ्टची माणसं साडेपाचच्या मिस्साला खाकी कपड्यांतच यायची आणि तिथून थेट कंपनीत. प्रत्येकाच्या पायाशी, बाकाखाली, जेवणाचा डबा. चवळीच्या उसळीचा, बांगड्याचा, सांबाराचा वास मिसळून यायचा आणि उपाशी पोटी गुडघे टेकलेल्या आम्हा पोरींची प्रार्थना भलतीकडेच जायची. शेवटचा आशीर्वाद देताना फादर रेमंड हात जरा खाली झुकवायचे. "डब्यांनाही," म्हणायचे. सगळे हसायचे. पुढे कितीतरी वर्षं मला वाटायचं की सगळ्या जगात मिस्सा अशीच संपते. मस्कतमध्ये पहिल्या रविवारी आशीर्वाद झाला, हात वरच राहिला, आणि मला एकदम रडू फुटलं. शेजारची फिलिपिनो नर्स घाबरली बिचारी.

शेडची आणि आतल्या कपाटाची किल्ली आबांकडे असायची. त्या कपाटात मिस्साचा पवित्र प्याला. रोज सहाची घंटा आबाच वाजवायचे, तीन ठोके, तीन ठोके, तीन ठोके, मग हात धुऊन शिफ्टला. वस्तीतले हिंदू, बौद्ध, मुसलमान सगळेच त्या घंटेवर उठायचे. "भालेराव, आज चार मिनिटं उशीर," असं पानवालाही सांगायचा.

गव्हाणीचं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचं, काम शाळेकडे होतं, म्हणजे सिस्टर अगाथांकडे. नाताळाआधी शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाचे डोंगर, पत्र्याची चांदणी, मातीची मेंढरं. आणि बाळ येशूखाली गवत म्हणून लोखंडाचा कीस. ही आमच्याकडचीच पद्धत, दुसरीकडे कुठे पाहिली नाही. लेथवर लोखंड कातताना लांब, कुरळे, निळसर झाक असलेले तुकडे निघतात. साहेब हसत हसत पास लिहून द्यायचे आणि आबा गोणीभर घेऊन यायचे. पहिल्या दिवशी काय चमकायचं ते! पण दंव पडायचं, आणि सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत सगळं तांबूस व्हायचं. "बघ गो, जेझू गंजात निजलो," ब्रिजेट आंटी दरवर्षी म्हणायच्या.

मी पाचवीत होते त्या वर्षी कंपनीत पितळेचे भाग सुरू झाले. आई आबांचा शर्ट झटकायची तेव्हा ओट्यावर सोनेरी कण पडायचे. पितळ कातलं की लोखंडासारखे लांब वेढे निघत नाहीत, बारीक भुसा पडतो. मी ते कण बोटाने टिपून आगपेटीत जमवत असे. एक दिवस सिस्टर अगाथांनी वर्गात विचारलं, यंदा गव्हाणीत काय नवीन करायचं? मी हात वर केला. म्हटलं, "सोन्याचा भुसा. गंजत नाही. माझे आबा आणतील." सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला. गृहपाठाच्या यादीतल्या मुलीकडे असं कुणी बघत नाही. सिस्टर म्हणाल्या, "आधी आबांना विचार. कंपनीची वस्तू आहे ती."

विचारलं. आबा म्हणाले, "लोखंडाचा कीस सायेब देतो. पितळाचा कुलपात असतो, त्यो न्हाई आणायचा. परत इचारू नको." झालं. पण वर्गात पोरी रोज विचारत, "कुठाय तुझं सोनं?" तिसऱ्या-चौथ्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "आबा, फादरांनी निरोप दिलाय. पितळाचा भुसा आणा म्हणाले, देवाच्या कामाला."

भाकरी मोडता मोडता आबांचा हात थांबला. "फादर म्हनले?"

"हो."

एवढंच. त्या खोट्याला मी काही नटवलं नाही, रडले नाही, हट्ट केला नाही. फादरांचं नाव घेतलं की आबांच्या घरात पुढे प्रश्न नसतो हे मला ठाऊक होतं. पितळेला पास मिळत नाही हे आबांना ठाऊक होतं. मागायला गेले असते तर साहेबांनी नाही म्हटलं असतं आणि फादरांचा शब्द खाली पडला असता. म्हणून ज्या माणसाने चिठ्ठीशिवाय रुळाचा तुकडा उचलला नाही, त्याने दुसऱ्या दिवशी डब्याच्या खालच्या पुडात पितळेचा भुसा भरला.

गेटवर झडती व्हायची. झडतीवाल्याने डबा हलवला. जेवून झालेल्या डब्याचा आवाज त्याच्या ओळखीचा होता, हा निराळा होता.

आबा घरी आले ते फार उशिरा, हात हलवत. डबा कंपनीने ठेवून घेतला होता. आईने विचारलं, "कशापायी?" ते म्हणाले, "माझी चूक झाली." दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनीही तीनदा विचारलं म्हणे, भालेराव, कशाला हवं होतं, कुणी सांगितलं? तिन्ही वेळा एकच उत्तर, माझी चूक. धर्मशिक्षणाच्या तासाला आम्ही शिकलो होतो की पेत्राने कोंबडा आरवायच्या आत आपल्या गुरूला, येशूला, तीनदा नाकारलं, स्वतःला वाचवायला. आबांनी तीनदा कबूल केलं, फादरांचं नाव येऊ नये म्हणून. गव्हाणीसाठी म्हणून सांगितलं असतं तर साहेबांनी कदाचित कान पिळून सोडलं असतं. दोन आठवडे त्यांना घरी बसवलं.

वस्तीला बातमी पुरली. नळावर ब्रिजेट आंटीच म्हणाल्या, "पितळ उघडं पडलं शेवटी." नंतर त्यांना फार वाईट वाटलं, पण शब्द सुटला तो सुटला. पोरं आबांना पितळ्या म्हणायला लागली. मिस्सानंतर दोन बुजुर्ग उभे राहून कपाटाच्या किल्लीबद्दल हळू आवाजात बोलत होते. आबांनी ते ऐकलं. त्याच दिवशी किल्ली फादरांच्या टेबलावर ठेवून आले, आणि घंटा वाजवायचंही सोडलं. गुड फ्रायडेला आमच्याकडे घंटा मुकी असते, तेव्हा लाकडी टाळ वाजवतात. त्या वर्षी ती नाताळाच्या तोंडावर मुकी झाली. सहा वाजता आबा जागे असायचे. मीही जागी असायची. दोघं डोळे मिटून पडून राहायचो.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलंस? मार बसेल म्हणून नव्हे, आबांनी मला कधी बोट लावलं नव्हतं. मला भीती होती ती ही, की ज्यांच्यासाठी आपण तोंड शिवून बसलो त्यांनी निरोप दिलाच नव्हता, हे आबांना कळेल. आपण फुकट बुडालो हे त्यांना कळेल, आणि बुडवलं ते पोटच्या पोरीने. त्यापेक्षा आबा फादरांसाठी बुडालेले बरे, असा माझा अकरा वर्षांच्या पोरीचा हिशेब.

नाताळाआधीच्या शनिवारी शाळेतल्या सगळ्या मुली पापनिवेदनाला रांगेत उभ्या होत्या. माझी पाळी आली. जाळीच्या पडद्यापलीकडे फादर रेमंड. मी एका दमात सगळं सांगितलं. फादरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तीन नमो मारिया म्हण. आणि धीर होईल तेव्हा आबांना सांग. वेळ लागला तरी चालेल, बाळ, पण सांग."

मी विचारलं, "तुम्ही सांगाल त्यांना?"

"मी काय सांगणार? इथून उठलो की माझ्याकडे काहीच नसतं."

पापनिवेदनात ऐकलेलं फादर कुणालाही, कधीही सांगू शकत नाहीत, हा नियमच. तीन नमो मारिया मी तिथेच भिंतीला टेकून म्हटल्या. उरलेल्या प्रायश्चित्ताला किती वर्षं लागली ते तुम्हाला कळेलच.

त्या वर्षी गव्हाणीत पिंपळे गुरवच्या एका शेतकऱ्याने दिलेला साधा पेंढा होता. आणि नाताळच्या दिवशी पहाटे मी गोधडीत असताना घंटा वाजली. तीन ठोके, तीन ठोके, तीन ठोके. तो हात आबांचाच, दुसऱ्या कुणाला ते जमत नसे. आई चुलीपाशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं, सुटलो. घंटा वाजली म्हणजे सगळं मिटलं, आता सांगायची गरज काय? माझ्या गप्प बसण्याला त्या घंटेनेच आधार दिला.

पण मिटलं नव्हतं. आबांना कंपनीने परत घेतलं, लेथवर मात्र नाही. ज्या हातांनी पितळ कातायचे त्याच हातात झाडू आला, लेथखाली पडलेला कीस गोळा करायचा. जानेवारीत पहिल्या शिफ्टच्या रविवारी आबा मिस्साला आले ते डबा कडुनिंबाखाली ठेवून. आत आणलाच नाही. सगळ्यांचे डबे बाकाखाली, आबांच्या पायाशी रिकामी फरशी. मी मुलींच्या बाजूने ती फरशी बघत होते.

तेवढ्यात फादर रेमंड मिस्साचा झगा घालून बाहेरून आत यायला निघाले. दारात थांबले, मागे वळले, कडुनिंबापाशी गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात आबांचा डबा होता. तो तसाच हातात धरून ते मधल्या वाटेने चालत पुढे आले, तबला थांबला, गाणं थांबलं, आणि त्यांनी तो डबा वेदीच्या पायरीपाशी ठेवला. मिस्सा सुरू केली. शेवटी आशीर्वादाला हात खाली झुकवला तेव्हा त्या दिवशी कुणी हसलं नाही. संध्याकाळी ब्रिजेट आंटी ताट घेऊन आल्या, नाताळात आणायचं राहिलेलं. आईने त्यांना बसायला पाट दिला.

टोपणनाव मात्र राहिलं. टोपणनावाला फादरही काही करू शकत नाहीत.

मस्कतहून पहिल्या रजेवर आले तेव्हा नवं विटांचं चर्च छतापर्यंत आलं होतं. आबा कडुनिंबाखाली रुळाची तार बदलत होते. मी गेले, आणि हातोडी जमिनीवर आहे हे पाहून घेतलं. म्हटलं, "आबा, ते पितळेचं... फादरांनी निरोप दिला नव्हता. मीच खोटं बोलले."

आबांनी तारेचा पीळ पुरा केला. "ठावं हाय," म्हणाले.

मी विचारलं, "कुणी सांगितलं? फादरांनी?"

"ते कशाला सांगतील! नाताळाच्या आदल्या दिशी बोलावलं व्हतं मला. म्हनले, लूकस, उद्याची घंटा तूच वाजव. मी म्हनलं, फादर, एकच इचारतो, निरोप तुमीच धाडला व्हता न्हवं? तर ते बोलंचनात. खाली बघत बसले. व्हय न्हाई, न्हाई न्हाई." आबा हातावरचं काळं पुसत होते. "निरोप धाडला असता तर व्हय म्हनले असते, खोटं बोलनारा मानूस न्हवं त्यो. धाडला नसता तर न्हाई म्हनले असते. दोन्ही तोंडातून निघंना म्हंजी काय? मंग माझ्या ध्यानात आलं, पोरगी त्यांच्याकडं जाऊन आलीया."

"मग मला का नाही बोललात?"

"तू देवाला सांगितलं व्हतंस. मदी मी कोन? त्याच्या आदी दोन आठवडे लई वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटायचं, फादर एक शबूद तरी बोलतील. पन त्या दिशी कळलं आन् हलकं वाटलं. किल्ली घेतली, आलो घरी."

मी रडत होते. म्हटलं, आता सगळ्यांना सांगते, चर्चमध्ये उभी राहून सांगते. आबांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. "न्हाई. लोक फादरांस्नी इचारतील, तुमाला ठावं व्हतं का. मंग ते काय बोलतील? आमी दोघं हाय तवर न्हाई." आणि जरा वेळाने, तार ओढून बघत, "तू जाताना घंटा उगाच न्हाई बडवली. तुझ्या तोंडावर दिसत व्हतं, आता सांगती म्हनून. म्हनलं, परदेशी चाललेल्या पोरीनं रडत जाऊ न्हाई."

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या ठोक्यांनी माझं वाक्य ऐकू दिलं नाही. त्यांना ते ऐकायचं नव्हतं, माझ्यासाठी.

आता मी कॅनडात असते. नर्सिंग होममधली नोकरी संपली, गुडघे संपत आलेत. इथलं चर्च मोठं आहे, पार्किंगही मोठं, मिस्सानंतर तळघरात कॉफी आणि डोनट. पापनिवेदनासाठी आधी फोन करून वेळ घ्यावी लागते. फादर केरळचे आहेत, भले आहेत, पण माझ्या पायाशी डबा नसतो आणि ते हात झुकवत नाहीत. थंडीत इथे संध्याकाळचे साडेसात होतात तेव्हा तुमच्याकडे सकाळचे सहा. भांडी घासता घासता माझा हात थांबतो. नातवंडं विचारतात, आजी, काय झालं? मी म्हणते, काही नाही, घंटा झाली.

फादर रेमंड वसईला गेले, तिथेच त्यांचं दफन झालं. आबांना जाऊनही बरीच वर्षं झाली. विमान बर्फात अडकलं आणि मी पोहोचले तेव्हा माती टाकून झाली होती. त्यांच्यासाठी थांबून थांबून ठोके कुणी दिले ते मला अजून माहीत नाही. ज्याने दिले असतील त्याचे उपकार.

दोघंही आता नाहीत, म्हणजे आबांची अट संपली. म्हणून लिहिते आहे. नव्या चर्चमध्ये विजेची घंटा आहे आणि रुळाचा तुकडा सामानाच्या खोलीत पडून आहे असं कळलं. या वर्षी नाताळच्या पहाटे तो एकदा बाहेर काढा आणि तीन-तीन-तीन ठोके द्या. स्मरणिकेत आबांच्या फोटोखाली 'घंटा वाजवणारे' लिहाल ते लिहा, पण त्याच्या आधी 'टर्नर' लिहा. ते त्यांच्याकडून गेलं ते माझ्यामुळे.

लोक विचारतात, इतकी वर्षं बाहेर राहिलीस, तुझं घर नेमकं कुठलं? इथलं म्हणावं तर मुलं-नातवंडं इथली आहेत. पण मला घर म्हटलं की पिंपरीच्या त्या कंपनीचं गेट दिसतं, जिथून मी कधी आतही गेले नाही. तिथे एक माणूस माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून मान खाली घालून उभा आहे आणि कुणाचंही नाव घेत नाही. मी कुठेही गेले तरी तिथूनच गेलेली आहे. तर आता तुम्ही सगळे ऐका, तिथले आणि इकडचे. त्या दिवशी पकडला गेलेला डबा आबांचा होता. आतलं पितळ माझं होतं.